रिकामा परतलेला मुराळी

वाचकांस प्रथम नम्र निवेदन की, पुढे जी हकीकत सांगण्यात येणार आहे तीत कोणी कोणावर हात उगारलेला नाही, कोणी कोणास उपाशी ठेवलेले नाही, आणि कोणाच्या घरातून साधा मोठा आवाजही बाहेर आलेला नाही. तरीही ही हकीकत दुःखाची आहे. चिखली गावचा रविराज आपल्या धाकट्या बहिणीला, साधनाला, माहेरी आणावयास गेला आणि तिला न घेता परत आला. हे कसे घडले आणि त्यात चूक कोणाची झाली, ते येथे क्रमाने सांगावयाचे योजिले आहे. सांगताना कोणास खलपुरुष ठरविण्याचा हेतू नाही. माया कोणती आणि मायेच्या रूपाने आलेला फास कोणता, हे ओळखण्यास भलेभले चुकतात, एवढेच नम्रपणे मांडावयाचे आहे.

रविराजचे वडील सोपानराव हे चिखलीच्या जुन्या गावकीतले गृहस्थ. त्यांच्या ज्वारीच्या रानावर आता सातमजली इमारती उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर रविराजने पत्र्याची शेड टाकून दोन प्रेस मशिनी बसविल्या असून, तेथे चाकणच्या कंपन्यांना लागणारे वॉशर तयार होतात. रान गेले, बैल गेले, गोठ्याच्या जागी पार्किंग झाले. परंतु सोपानरावांच्या घरातली रीत मात्र गेली नाही. त्या रीतींपैकी एक मुराळ्याची होती.

सासरी नांदणाऱ्या लेकीस सणावाराला आणण्यासाठी माहेरचा जो माणूस नारळ घेऊन जातो, त्यास मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की सासरच्यांनी त्यास जेवू घालावे, लेकीची ओटी भरावी आणि तिला त्याच्यासोबत धाडावे. मुराळ्यास रिकामे परत पाठविणे म्हणजे माहेरचा अपमान. त्याचप्रमाणे, मुराळी गेल्यावाचून लेकीने आपण होऊन उंबरा ओलांडणे हेही सोपानरावांना खपत नसे.

ते खपत नाही हे साधनाला एकदा चांगलेच कळले होते. आई गेल्यानंतर सहा महिन्यांनी ती एका दुपारी खांद्याला एक पिशवी अडकवून एकटीच बसने चिखलीला आली होती. सोपानरावांनी तिला चहा पाजला, डोक्यावरून हात फिरविला आणि विचारले, "जावयाला सांगून आलीस का?"

"नाही, आबा."

"मग आसं कसं आलीस? ह्ये बरं दिसत न्हाई, पोरी."

दिवस मावळण्यापूर्वी रविराजने गाडी काढली आणि बापलेकांनी तिला पिंपळे गुरवला तिच्या घरी नेऊन पोहोचविले. तिचा नवरा सलिल इमारतीच्या फाटकातच उभा होता. त्याने सोपानरावांचे पाय धरले. "बरं झालं आबा, तुम्ही आणलंत. मी किती घाबरलो होतो," असे तो म्हणाला, आणि परतीच्या वाटेवर सोपानराव जावयाचे गुणगान करीत आले. इंजिनिअर माणूस, हिंजवडीला मोठ्या पगारावर, सुपारीचे खांडही कधी तोंडात टाकीत नाही, बायकोस अरेतुरे करीत नाही. आपल्यासारख्या गावठी माणसांच्या पोरीला असे स्थळ मिळाले, यात त्यांना देवाचा हात दिसत असे.

त्यानंतर दोन वर्षांनी, चैत्रातल्या गावजत्रेच्या आठ दिवस अगोदर, साधनाचा फोन आला. फोन सलिलच्या नंबरावरून होता. सोपानरावांनी रीतीप्रमाणे स्पीकर लावला.

"आबा, यंदा यात्रेला मुराळी पाठवा," साधना म्हणाली.

"आगं, रिक्षानं यायच्या वाटंला मुराळी?" सोपानराव हसू लागले, पण मनातून ते सुखावले होते.

"वाजंत्री बी आणू का, साधे? म्हंजी समद्या सोसायटीला कळंल," रविराजने मध्येच तोंड घातले.

ती हसली नाही. "नारळ घेऊन ये, दादा. रीतीनं मुराळी म्हणून ये. तूच ये."

तिच्या मागून सलिलचा मृदू आवाज आला, "हो, या ना दादा. आम्हालाही तेवढंच बरं वाटेल."

फोन बंद झाल्यावर सोपानराव चारचौघांना सांगण्यासाठी पारावर गेले. स्वयंपाकघरात रविराजची बायको विजयश्री मात्र जोरजोराने कणीक तिंबीत होती.

"तुला काय झालं?" रविराजने विचारले.

"मला काय बरं वाटंना. साधनाताई रीतीभातीच्या मागं कधी हुत्या? लग्नात मुंडावळ्या टोचत्यात म्हणून काढून ठेवणारी बाई ती. आन् आज नारळ आण म्हणती, तूच ये म्हणती."

"तुला समदीकडं खोटच दिसती."

"आन् तुमाला वॉशरची खोट बोटाला लागती, माणसाची लागत न्हाई," विजयश्री म्हणाली आणि कणकेवर मूठ आपटली. मग हात थांबवून तिने नवऱ्याकडे पाहिले. "अहो, एक करा. तिथं गेल्यावर तिला एकटीला गाठा आन् विचारा. जिन्यात विचारा, मोरीत विचारा, पण एकटीला."

"बरं बरं," असे म्हणून रविराज उठला.

येथे हे सांगितले पाहिजे की, रविराज आणि विजयश्री यांचे लग्न झाल्यास बारा वर्षे झाली असून, त्या बारा वर्षांत त्यांचे भांडण झाले नाही असा आठवडा गेला नसेल. ती मंचरकडची, तोंडाची फटकळ. हा चटकन रागावणारा. न सांगता चार पाहुणे जेवायला आणल्याबद्दल तिने एकदा डबा शेडच्या दारात ठेवून "घ्या, पाव्हण्यांनाच वाढा" असे दहा कामगारांसमोर सुनावले होते. रविराज मनातल्या मनात खंत करीत असे की, आपल्या घरात सदा भांड्याला भांडे लागते, आणि बहिणीच्या घरात कसा समईच्या ज्योतीसारखा शांत संसार चालला आहे.

ही खंत मनात घेऊनच तो जत्रेआधीच्या शनिवारी, पांढरा सदरा घालून, पिशवीत नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पिंपळे गुरवला गेला.

तिसऱ्या मजल्यावरचे ते घर आरशासारखे लखलखीत होते. सलिलने वाकून नमस्कार केला, स्वतः पाणी आणले, स्वतः पंखा वाढविला. साधना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती पहिल्यापेक्षा बारीक झाली होती.

"कशी हायेस, साधे?"

"बरी आहे ती," सलिल म्हणाला. "परवा जरा डोकं दुखत होतं, तर मी दिवसभर झोपवून ठेवली. उठूच दिलं नाही."

"बालवाडीत शिकवाया जातीस का अजून?"

"सोडली तिने. मुलं फार दमवायची हो. मीच म्हटलं, कशासाठी एवढा त्रास?"

"आन् फोन का बंद आस्तो तुझा? आबा लावून लावून थकत्यात."

"त्याचं असं आहे दादा, नको नको ते मेसेज येतात, मग ती रात्ररात्र विचार करत बसते. म्हणून फोन माझ्याकडेच ठेवलाय. आता किती शांत झोपते! हो ना गं?"

साधनाने मान हलविली.

जेवणास पुरणपोळी होती. तिघे पानावर बसले. साधनाने स्वतःच्या पानात भात वाढून घेतला, तेव्हा सलिलने हलक्या हाताने त्यातला अर्धा भात काढून आपल्या पानात घेतला. "तुला दुपारी जड होतं ना," तो म्हणाला. रविराजचा घास हातात राहिला. त्याच्या मनात आले, आपल्या घरी कोणी किती खाल्ले हे कोण पाहतो? विजयश्री अर्धपोटी उठली तरी आपल्याला कळणार नाही. आणि हा माणूस बायकोच्या भाताचे शीत न् शीत मोजतो! मायेचे माप भातावर दिसते असे त्यास वाटले, आणि वाचकहो, तेथेच त्याची पहिली चूक झाली.

ओट्यावर एक ताट तयार होते. त्यात तांदूळ, खण, हळदकुंकू आणि सुपारी मांडलेली होती. सासू गावी असल्यामुळे ओटीचे ताट साधनाने आपले आपणच भरून ठेवले होते. निजायच्या खोलीच्या दाराशी एक निळी बॅग उभी होती.

"बॅग भरून ठेवलीय, दादा," साधना म्हणाली. तोवर तिने आपण होऊन उच्चारलेले ते एवढेच वाक्य.

ती पाने उचलून आत गेल्यावर सलिल रविराजच्या जवळ येऊन बसला. त्याने आवाज खाली आणला.

"दादा, तुम्ही मुराळी म्हणून आलात. मी नाही म्हणणार नाही. न्या तिला. फक्त एक सांगू का?" तो आणखी जवळ सरकला. "ती नसली की मला हे घर खायला उठतं. मागे ती न सांगता गेली होती ना, तेव्हा त्या एका दुपारीच मी वेडा झालो होतो. दोन दिवस अन्न गेलं नाही. ऑफिसात चक्कर येऊन पडलो. माझंच चुकतं, मला कळतं. पण मला तिच्याशिवाय दुसरं कोण आहे? न्या तुम्ही. मी राहीन कसातरी."

आणि त्याच्या डोळ्यांतून खरोखरीच पाणी आले. ते खोटे नव्हते, हे लेखकास आवर्जून सांगावयाचे आहे. तो माणूस खरेच रडत होता.

रविराजने आयुष्यात बाप्यास बायकोसाठी रडताना कधी पाहिले नव्हते. त्याचे काळीज पाघळले. त्यास एकटीला विचारणे आठवले नाही, बॅग आठवली नाही. समोर रडणाऱ्या माणसाचे रडणे थांबवावे, एवढेच त्यास सुचले.

"दाजी, आसं नका करू. आवो, राहू द्या मग. तुमीच दोघं जोडीनं या की यात्रंला. आमाला काय, तुमी सुखात असलात म्हंजी झालं."

सलिलने त्याचे दोन्ही हात हातांत घट्ट धरले.

साधना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती केव्हा आली ते कोणास कळले नाही. ती वळली, ओट्यावरचे ताट उचलले आणि त्यातले तांदूळ डब्यात परत ओतले. सर्रकन आवाज झाला. मग खणाची घडी कपाटात गेली.

"साधे, यात्रंला येताय बरं का दोघं!" रविराज आनंदाने ओरडला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. "वहिनीसाठी पोळ्या बांधून देऊ?" तिने विचारले.

"दे की."

चार पुरणपोळ्यांचा डबा घेऊन तो जिना उतरला. आपण आज एक संसार जपला, या समाधानात त्याने वाटेत एका चौकात गाडी थांबवून उसाचा रस घेतला.

घरी सोपानरावांचा ऊर भरून आला. "आसा जावई दिवा घिऊन हुडकला तरी गावायचा न्हाई," ते म्हणाले. विजयश्रीने डबा हातात घेतला, पण उघडला नाही.

"एकटीला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दाजी रडलं गं. लेकरावाणी रडलं."

"ती रडली का?"

रविराज थांबला. "न्हाई."

"मग तुमी कुणाचं मुराळी म्हणून गेलतात?"

उलट, "माझ्या घरात मला कुणी नीट बोलत न्हाई" असे म्हणून तो शेडकडे निघून गेला.

यात्रेच्या दिवशी मटणाची डेग चढली, पाहुणेरावळे जेवून गेले, पण पिंपळे गुरवचे कोणी आले नाही. दुपारी सलिलचा मेसेज आला, साधनाला बरे नाही, क्षमस्व. त्यानंतर जेव्हा केव्हा फोन लावावा तेव्हा ती झोपलेली असे, नाहीतर अंघोळीला गेलेली असे. सोपानराव म्हणत, "संसारात रमली पोरगी. माह्यार इसरली म्हंजी सासर चांगलं."

असे चार महिने गेले. मग रविराजच्या स्वतःच्या घरात एक साधीशी गोष्ट घडली आणि तिने त्याचे डोळे उघडले.

विजयश्रीला मंचरला भावाकडे चार दिवस जायचे होते. शेडमध्ये ऑर्डरीची घाई होती, मुलांच्या शाळा होत्या. रविराज वैतागला. आणि वैतागाच्या भरात त्याच्या तोंडून अगदी सलिलचेच वाक्य, सलिलच्याच सुरात निघाले. "तू गेलीस तर मी एकटा कसा राहू? मला घर खाया उठतं."

विजयश्रीने कंबरेवर हात ठेवले. "मग राव्हा तसंच. शिळं खावा. पोरान्ला डब्यात बिस्किटं द्या. बारा वर्षांत चार दिवस मागितलं तर एवढं त्वांड? मी चालले."

आणि ती गेली. रविराजने चार दिवस करपलेल्या भाकऱ्या खाल्ल्या, मुलांना उशीर झाला, शेजारच्या शालनबाईंनी दोनदा कालवण आणून दिले. रोज फोनवर भांडण झाले. पाचव्या दिवशी विजयश्री हसत परत आली, गालांवर तुकतुकी आणि हातात भावाने दिलेले कांदे. तिला पाहून रविराजला बरे वाटले, आणि त्याच क्षणी साधनाची निळी बॅग आठवली.

त्याच्या ध्यानात आले की, त्यालाही बायकोवाचून करमत नव्हते. परंतु ती गेली होती. त्याच्या न करमण्याने तिच्या पायात बेडी पडली नव्हती. तिने त्याचे ऐकले, त्यास चार शब्द सुनावले आणि ती आपल्या वाटेने गेली, परत आली. साधनाला मात्र नवऱ्याच्या एका आसवाने दाराच्या आत ठेवले होते. ज्या घरात बायकोला भांडण करण्याची सोय नाही, त्या घरातल्या शांततेला आपण समई म्हणत होतो!

तो त्याच दिवशी पिंपळे गुरवला गेला. या खेपेस नारळ नव्हता. दारावर एक छोटा कॅमेरा बसविलेला दिसला. बेल वाजविताच त्या कॅमेऱ्यातून सलिलचा आवाज आला. "अरे दादा! आज कसे काय? मी ऑफिसात आहे. साधना झोपलीय हो."

पण दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली पडलेली होती.

"साधे, दार उघड. मी हाय."

सावली हलली नाही. मग आतून अगदी बारीक आवाज आला, "दादा, ते आले की ये."

तो पायरीवर बसून राहिला. पाऊण तासात सलिल धावत आला, घामाघूम, हातात लॅपटॉपची बॅग. दार उघडले. रविराज सोफ्यावर बसला नाही. त्याने जे चैत्रात विचारायचे ते श्रावणात विचारले, आणि तेही नवऱ्याच्या समोर.

"साधे, तुला यायचंय का माझ्यासंगं?"

तिने आधी सलिलकडे पाहिले. एखादे पोर उत्तर देण्यापूर्वी मास्तरांच्या छडीकडे पाहते, तसे पाहिले. मग म्हणाली, "नाही. मी इथं बरी आहे."

"बघा," सलिल दुखावलेल्या स्वरात म्हणाला. "मी कधी अडवलं का? तुमच्या मनात कोण काय भरवतं, दादा?"

रविराज घरी आला आणि दारातल्या ओट्यावर डोके धरून बसला. विजयश्रीने या वेळी टोमणा मारला नाही. ती त्याच्या शेजारी भाजी निवडत बसली. भाजी निवडून झाल्यावर तिने विचारले, "त्यांच्या बिल्डिंगीत कचऱ्याला माणूस येतो का वर?"

"कचऱ्याला?"

"घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी थांबत आसंल तर बाईमाणूस बादली घिऊन खाली येतंच. तिथं क्यामेरा न्हाई बसवायचा कुणी."

त्याच संध्याकाळी रविराजने वडिलांपुढे बसून सर्व हकीकत सांगितली. सोपानरावांनी प्रथम मानले नाही, मग ते संतापले, मग बराच वेळ तंबाखू नुसतीच मळीत राहिले.

"आबा, आता पोरगी आपण हून आली तर परत धाडायची न्हाई," रविराज म्हणाला. "मुराळी न्हाई, नारळ न्हाई, काय न्हाई."

"न्हाई धाडायचो," म्हातारा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मागं म्याच गाडी काढाया लावली रं तुला." आणि उठून आत गेला.

चौकशी केल्यावर कळले की, सलिल सोमवारी आणि गुरुवारी ऑफिसात जातो; बाकी दिवस घरूनच काम करतो. गुरुवारी सकाळी साडेनऊला घंटागाडी गाणे वाजवीत गल्लीच्या तोंडाशी थांबली. चारपाच बायका बादल्या घेऊन आल्या. शेवटी साधना आली. रविराज विजेच्या खांबाआड उभा होता, तो पुढे झाला.

ती दचकली. तिने वर खिडकीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "तू कशाला आलास?"

"तुला बघाया."

"बघितलंस. जा आता."

"साधे, माझं चुकलं. त्या दिशी मी तुला विचारलंच न्हाई."

ती बादलीची कडी चाळवीत राहिली. "मी बॅगेत आईचं लुगडंसुद्धा घेतलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, परत यायचं नाही, तर इथं कशाला ठेवायचं? तू गेल्यावर ते बॅग रिकामी करायला बसले. माझ्या शेजारी बसून एकेक घडी घालून कपाटात ठेवत होते. रागावले नाहीत. म्हणाले, बघ, तुझ्या भावालाही कळतं तुझं घर कुठलं ते. मग मलापण तसंच वाटायला लागलं, दादा."

"चल आत्ताच. गाडी हाय मागं."

"नको."

"आबा बोलल्यात, मुराळ्याबिगर ये. परत धाडनार न्हाईत."

"आबा बोलले?" तिचे डोळे क्षणभर मोठे झाले, मग विझले. "उशीर केला आबांनी."

"आगं, उशीर कसला? तू बस गाडीत."

"तुला नाही कळायचं. तिथं येऊन मी काय करू? काय खायचं, कधी झोपायचं, कुणाशी बोलायचं, हे कुणी सांगितलं नाही की मला आता घाबरायला होतं. परवा ते तासभर बाहेर गेले, तर मी चहा करावा की नको एवढं ठरवता ठरवता तास गेला." ती जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगत असल्यासारखी बोलत होती. "आणि मी गेले आणि त्यांनी जिवाचं काही केलं तर? ते तसं म्हणतात. रागानं नाही म्हणत, रडून म्हणतात."

प्रेसखाली बोट सापडले तर मशीन थांबवायचे बटन त्यास ठाऊक होते. येथे कोणते बटन दाबावे, ते त्यास ठाऊक नव्हते.

"ओ ताई! वला हिकडं, सुका तिकडं!" घंटागाडीवरचा माणूस ओरडला. "गप्पा घरी मारा, मला अजून आठ गल्ल्या हायत!"

साधनाने बादली उपडी केली. जाता जाता थांबून तिने विचारले, "वहिनी कशी आहे?"

"हाय की. तोंडाचा पट्टा चालूच."

"अजून भांडता?"

"रोज."

"आणि भांडल्यावर तिला झोप लागते?"

"लागती? आगं, घोरती! मलाच जागं राहावं लागतं."

साधना हसली. खळखळून हसली, पूर्वी हसत असे तशी. आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला, तिने पदर तोंडावर धरला. "मग बरं आहे," ती म्हणाली. "भांडत राहा, दादा." आणि रिकामी बादली घेऊन ती जिन्याकडे वळली.

"सोमवारी येतो मी," रविराज म्हणाला.

तिने हो म्हटले नाही. नको असेही म्हटले नाही.

तो सोमवारी गेला. ती आली, दोन मिनिटे बोलली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्या दिवशी घरीच राहिलेला सलिल बादली घेऊन खाली उतरला, म्हणून रविराज खांबाआडच राहिला आणि गाडी निघून गेल्यावर शेडला परतला. त्याच्या पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली. विजयश्रीने एका समुपदेशन करणाऱ्या बाईंना गाठून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, ओढून आणू नका, रागवू नका, फक्त जात राहा. तिला कळू द्या की बाहेर कोणीतरी उभे आहे. म्हणून तो जातो. कधी लाडू नेतो, कधी नुसताच जातो. "चल" असे तो आता म्हणत नाही, "तुला काय वाटतं?" असे विचारतो. पहिल्यांदा तिला उत्तरच देता येत नसे. हल्ली ती कधी कधी थोडा विचार करून, "माहीत नाही," असे सांगते. सोपानराव सांजच्याला फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक रिक्षा थांबली की मान वर करतात.

ही हकीकत कागदावर उतरेपर्यंत साधना माहेरी आलेली नाही. ती येईल असे लिहून वाचकांचे मन रिझविणे लेखकाच्या हातात होते; परंतु जे घडले नाही ते लिहिण्यास मन धजले नाही. ज्या दिवशी ती निघण्यास तयार होती, त्या दिवशी तिला न्यावयास गेलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलेच नाही. तो दिवस काही केल्या परत येत नाही, आणि रविराज आठवड्यातून दोन वेळा त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

मी फार शिकलेला माणूस नाही. सातवी झाल्यावर कारखान्यात लागलो आणि फावल्या वेळात मिळेल ते वाचीत गेलो. लिखाणात काही उणे-अधिक झाले असल्यास पदरात घ्यावे. आपण वेळ काढून ही कथा शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

आपला नम्र,
निवृत्ती सखाराम टेमगिरे
मुक्काम चाकण